बंद लेयर शेडमध्ये मायसेलियम पॅकेजिंग: प्रकल्पाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४: शेडची पाहणी

अंड्यांच्या कोंबड्यांची (लेयर) शेड १२ बाय ६० मीटर, पूर्ण बंदिस्त. एका टोकाला ५० इंची सहा एक्झॉस्ट पंखे, दुसऱ्या टोकाला कूलिंग पॅड. आत तीन मजली पिंजऱ्यांच्या रांगा, बाहेर निमुळत्या तळाचा खाद्याचा सायलो. काम असे ठरले आहे: कपाशीच्या पऱ्हाट्या आणि गव्हाच्या काडावर गॅनोडर्मा ही बुरशी वाढवायची, तिच्या तंतूंच्या जाळ्याने (मायसेलियमने) माल बांधून घ्यायचा आणि लहान पंपाच्या खोक्यात वर-खाली बसणारे ठोकळे थर्माकोलऐवजी त्यातून काढायचे.

थ्री फेज वीज, उतार दिलेली सिमेंटची फरशी, इन्सुलेशन असलेले छत आणि खाद्याचा रिबन मिक्सर आहे तसे वापरता येईल. सायलोचा मात्र उपयोग नाही. भरड खाद्य किंवा पेलेट खाली घसरतात, पण काडाची कुट्टी एकमेकांत गुंतून तोंडावरच कमान धरते आणि खाली येत नाही. आली तरी खाद्य पुढे ढकलणाऱ्या ऑगरच्या स्प्रिंगला गुंडाळते. कोंबड्यांना पाणी देणाऱ्या निपलच्या लाइनी काढून टाकायच्या. आतला बुळबुळीत थर कितीही धुतला तरी पूर्ण जात नाही, आणि थेंब-थेंब गळती आपल्याला नकोच.

पिंजऱ्यांची गॅल्व्हनाइज्ड जाळी वाळवणीच्या फळ्यांसाठी उत्तम. अडचण एकच: अंडे पुढे घरंगळावे म्हणून पिंजऱ्याच्या तळाला सात-आठ अंशांचा उतार असतो. ओला ठोकळा त्यावर ठेवला की पुढच्या कडेवर भार येऊन तो वाकडा वाळतो. जाळ्या कापून सपाट चौकटींत बसवायच्या.

१० ऑक्टोबर: सफाई

आधी कोरडी सफाई, पाणी नंतर. छतावरून खाली या क्रमाने धूळ ओढून घेतली: ट्रस, पंख्यांची शटर, पिंजऱ्यांचे सांधे. या धुळीत पिसांचा भुगा, खाद्याचे पीठ आणि बुरशीचे बीजाणू असतात. त्यावर थेट पाणी मारले तर चिखल होऊन फटीत बसतो आणि तिथेच हिरवी बुरशी वाढते. काम करताना सर्वांना एफएफपी२ मास्क. पोल्ट्रीची जुनी धूळ फुफ्फुसाला वाईटच.

नंतर डिटर्जंटचा फेस लावून २० मिनिटे थांबून गरम पाण्याने धुतले, पूर्ण वाळू दिले आणि मग जंतुनाशक फवारले. ओल्या फरशीवर जंतुनाशक पातळ होते, म्हणून वाळवण्याची पायरी गाळता येत नाही. फॉर्मेलिनची धुरी द्यायची नाही असे ठरले. पक्ष्यांसाठी ती प्रथा असेल, पण फटींत राहिलेले फॉर्मेलिन स्पॉनलाही (गव्हाच्या दाण्यावर वाढवलेले बुरशीचे बियाणे) मारते आणि माणसालाही घातक.

काळे भुंगेरे (लिटर बीटल) छताच्या फोममध्ये सापडले. पक्षी गेले तरी ते इन्सुलेशन पोखरून आत राहतात आणि कोंडा, पीठ, वाळलेले ठोकळे सगळे खातात. पोखरलेले पॅनेल बदलले, भोके सील केली.

धुऊन झाल्यावर अमोनियाचा वास पुन्हा वर आला. वर्षानुवर्षे फरशीत मुरलेला अमोनिया ओल मिळाली की बाहेर पडतो. डिटेक्टर ट्यूबवर १२ पीपीएम. स्पॉन मिसळतानाची हवा ५ पीपीएमच्या आत हवी, त्याहून जास्त अमोनियात तंतू रेंगाळतात. फरशीवर सौम्य सायट्रिक आम्ल फिरवून पुन्हा धुतली, वाळवली आणि कामाच्या भागात इपॉक्सी मारला. सगळी शेड रंगवायची गरज नाही.

१७ ऑक्टोबर: हवा

या प्रकल्पात सगळ्यात जास्त विचार इथे लागला. लेयर शेड पक्ष्यांची उष्णता बाहेर फेकण्यासाठी बांधलेली असते. पंखे हवा ओढतात, आत निगेटिव्ह प्रेशर तयार होते आणि बाहेरची हवा पॅडमधून, आणि फट दिसेल तिथूनही, आत घुसते. असा एक पंखा ताशी सुमारे ४०,००० घनमीटर हवा ओढतो. कोंबडीला ती हवा चालते. वाफवलेल्या कुट्टीवर तीच हवा म्हणजे बीजाणूंची पेरणी. शिवाय ओल्या पॅडवर शेवाळ आणि बुरशी कायमची वस्तीला असते.

म्हणून शेडच्या आत स्वतंत्र खोली केली. ३ × ४ × २.४ मीटर, इन्सुलेटेड पॅनेलची, सांधे सिलिकॉनने बंद. हिच्यात उलटे, म्हणजे पॉझिटिव्ह प्रेशर: आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त. खोलीचे आकारमान २८.८ घनमीटर. ताशी २० वेळा हवा बदलायची तर ५७६ घनमीटर हवा लागते, म्हणून ताशी ६०० घनमीटरचा सेंट्रिफ्यूगल ब्लोअर, आधी धूळ अडवणारा एफ७ प्री-फिल्टर, मग बीजाणूही अडवणारा एच१३ हेपा फिल्टर. ब्लोअर निवडताना फक्त हवेचा आकडा पाहून चालत नाही. नवा हेपाच २०० पास्कलच्या आसपास अडवतो आणि धूळ धरली की वाढत जातो, त्यामुळे ४०० पास्कलला ६०० घनमीटर देणारा ब्लोअर घेतला. साधा अ‍ॅक्सियल पंखा इथे नुसता गरगर फिरत राहतो, हवा पुढे जात नाही.

मॅनोमीटरवर खोली बाहेरच्यापेक्षा १२ पास्कल वर. दाराखालची फट रबरी पट्टीने कमी केल्यावरच एवढे आले, आधी ४ वर अडकले होते.

तपासणी माल्ट अ‍ॅगरच्या (हवेतली बुरशी वाढवून मोजायच्या थराच्या) प्लेटने. ९ सेंटिमीटरच्या प्लेट अर्धा तास उघड्या ठेवायच्या, मग झाकून २५ अंशांवर चार दिवस. धुतलेल्या शेडमधल्या प्लेट मोजण्यापलीकडे भरल्या, खोलीतल्या प्लेटवर दोन कॉलनी. पाचच्या आत असेल तर काम सुरू करायला हरकत नाही.

एक विद्युत अडसरही बसवला. खोलीचे दार उघडे असेल तेव्हा मोठ्या पंख्यांचा काँटॅक्टर लागूच नये, यासाठी दाराला लिमिट स्विच. मोठे पंखे चालू असताना दार उघडले तर खोलीतला दाब ढासळतो आणि मेहनत वाया जाते. सूचनेचा कागद भिंतीवर चिकटवून हे साधत नाही.

बंद पिशव्यांच्या वाढीसाठी मात्र पॅडची थंड हवा वापरायला हरकत नाही. पिशवीला फिल्टरची चकती असते. उघडा साचा असेल तेव्हा पॅड बंद.

२१ ऑक्टोबर: कच्चा माल

पऱ्हाट्या श्रेडरमधून काढून ५ ते १५ मिलिमीटर. काड कडबाकुट्टी यंत्रावर २० मिलिमीटरपर्यंत. त्याहून लांब काडी साच्याच्या कोपऱ्यात शिरत नाही, आडवी बसून पोकळी ठेवते. उलट भुगा जास्त झाला तर कुट्टी दाबून बसते, आत हवा फिरत नाही आणि मधोमध आंबते. म्हणून २ मिलिमीटरच्या चाळणीतून पडणारा भुगा काढून टाकला. पऱ्हाटीत सुकलेली बोंडे राहिली असतील तर ती वेचून काढावीत. कापसाचा पुंजका मिक्सरमध्ये गोळा होतो आणि वाफ आत घेत नाही.

काड कुठल्या शेतातले, त्यावर काढणीच्या तोंडावर बुरशीनाशक मारले होते का, हे विचारून घ्यावे. उत्तरावर विसंबू नये. प्रत्येक खेपेचे मूठभर काड बरणीत वाफवून स्पॉन टाकला की पाच दिवसांत कळते: तंतू काडावर चढले नाहीत, दाण्यापाशीच अडले, तर ती खेप परत.

१०० किलोचे मिश्रण: पऱ्हाटी ६०, काड ३०, गव्हाचा कोंडा ८, जिप्सम २. कोंडा १५ किलोपर्यंत नेला तर वाढ जोमदार होते, पण ती गॅनोडर्माची होईल की ट्रायकोडर्माची (हिरव्या बुरशीची), याची खात्री राहत नाही. शेडमध्ये आठाच्या वर जाऊ नये असे मत.

पाण्याचा हिशेब: मालात मुळात १० टक्के ओल, म्हणजे कोरडा माल ९० किलो. ६२ टक्के ओल हवी तर एकूण वजन ९० ÷ ०.३८ = २३७ किलो. म्हणजे १३७ लिटर पाणी. पण वाफवताना वाफेचे पाणी होऊन तेही मालातच मुरते. एवढा माल २५ वरून ९० अंशांवर न्यायला सुमारे ४९ मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे २० किलोच्या वर वाफ आत विरते. ते धरले नाही तर ओल ६५ च्या पुढे जाते आणि पिशवीच्या तळाशी पाणी साचते. म्हणून मिक्सरमध्ये ११७ लिटरच घातले. मूठ घट्ट आवळल्यावर बोटांच्या फटीत एक-दोन थेंब यावेत, धार नको.

२४ ऑक्टोबर: वाफवणे

वाफपेटी खोलीच्या भिंतीतच बसवली आहे. तिला दोन दारे: माल भरायचे शेडकडून, काढायचा आतल्या स्वच्छ खोलीतून. आतले माप १.२ घनमीटर, चारी बाजूंनी रॉकवूल. माल जाळीच्या तळाच्या ट्रेमध्ये २० सेंटिमीटरपेक्षा जाड थर न करता. एकच ढीग केला तर वाफ सोपी वाट धरून वर निघून जाते आणि कोपरे थंड राहतात.

९ किलोवॅटचा बॉयलर ताशी जेमतेम १४ किलो वाफ देतो. कागदावर दीड तासात माल तापायला हवा, पण पेटीचा लोखंडी सांगाडा आणि गळती धरून चार तास लागले. थर्मोकपल (तापमापक) तीन: वर, मधोमध आणि दाराजवळच्या खालच्या कोपऱ्यात. वरचा ९५ दाखवत होता तेव्हा कोपरा ७१ वर होता. वेळ मोजायची ती कोपरा ९० ला पोचल्यावर. तिथून १० तास.

बॉयलर बंद केल्यावरची वेळ सर्वांत धोक्याची. पेटी थंड होताना आतली वाफ आक्रसते आणि पेटी बाहेरची हवा ओढून घेते. ज्या फटीतून सापडेल त्या फटीतून. पुष्कळ ठिकाणी दोष स्पॉनवर टाकला जातो, पण खरी लागण या तासांत झालेली असते. इथे स्वच्छ बाजूच्या दाराला हेपा फिल्टरची चकती लावली आहे, शेडकडचे दार क्लॅम्पने आवळलेले. ब्लोअर रात्रभर चालू.

२५ ऑक्टोबर: स्पॉन मिसळणे

मधल्या ट्रेचे तापमान २८ वर आल्यावर काम सुरू. ३५ च्या वर स्पॉन घालू नये. हाताला कोमट लागते म्हणून पुरे असे नाही, ढिगाच्या पोटात प्रोब घालून पाहावे. गव्हाच्या दाण्यावरचा स्पॉन ओल्या वजनाच्या १० टक्के, म्हणजे २४ किलो. मशरूम उत्पादक याच्या निम्म्यात भागवतात. इथे जास्त घेण्याचे कारण सरळ आहे: जितके जास्त दाणे, तितक्या जास्त ठिकाणांहून तंतू एकदम पसरतात आणि परक्या बुरशीला मोकळी जागा उरत नाही.

फिल्टर असलेल्या पिशव्यांत तीन-तीन किलो. वरची हवा काढून सील. खोलीत जास्तीत जास्त दोघे, पूर्ण बाह्या, हातमोजे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने वारंवार पुसून. स्पिरिट फवारताना जवळ सीलरचे तापलेले तोंड नसावे, वाफ पेट घेते.

२९ ऑक्टोबर: पिशव्या

वाढीच्या भागातली हवा २४ अंश, पिशवीच्या पोटात २९. जिवंत तंतू स्वतःची उष्णता तयार करतात, त्यामुळे खोलीचा थर्मोस्टॅट पाहून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. एका रॅकवर पिशव्या चिकटून लागल्या होत्या, तिथे ३४. आठ-दहा सेंटिमीटरचे अंतर ठेवल्यावर उतरले. ३५ च्या पुढे गॅनोडर्मा दमतो आणि उष्णता सोसणारे जिवाणू वर येतात. पिशवी उघडण्याआधीच आंबूस वास येतो तो त्यांचा.

दिवे बंद. उजेड आणि ताजी हवा मिळाली की फळधारणेचे कोंब फुटतात. इथे छत्री नको आहे, तंतूंचे जाळे हवे आहे.

३ नोव्हेंबर: साचे भरणे

पिशव्या पांढऱ्या झाल्या. तळाशी हिरवा ठिपका दिसलेल्या पिशव्या बाजूला काढल्या. त्या शेडमध्ये उघडायच्या नाहीत. तशाच बंद अवस्थेत बाहेर नेऊन, वाऱ्याची दिशा पाहून, दूरच्या खड्ड्यात. हिरवी बुरशी वाढलेली एक पिशवी आत फोडली तर खोली पुन्हा पहिल्यापासून धुवावी लागते.

पिशवीतला माल मोडून मोकळा केला, त्यात दीड टक्का वाफवलेले गव्हाचे पीठ. मोडल्यावर तुटलेले तंतू पुन्हा जुळायला ही शिदोरी लागते. यापेक्षा जास्त घातले तर गाठी होतात आणि गाठीवर बुरशी येते.

साचे १ मिलिमीटर पीईटीजी प्लास्टिकचे, व्हॅक्यूम फॉर्म केलेले. बाजूंना ६ अंशांचा उतार, नाहीतर ठोकळा निघताना कडा सोलून येतात. ठोकळ्याची भिंत कुठेही २५ मिलिमीटरपेक्षा पातळ नाही, कोपऱ्याची गोलाई ८ मिलिमीटर. साच्याचे आकारमान ४ लिटर, माल १.३२ किलो. भरताना आधी कोपरे बोटांनी दाबून, मग मधला भाग. हाताच्या सवयीने उलटे होते: मधे गच्च, कोपऱ्यात पोकळ. वजन बरोबर भरते, पण ठोकळा कोपऱ्यातच ढासळतो. वर छिद्रे असलेली फिल्म. कूलिंग पॅड बंद.

९ नोव्हेंबर: साच्यातून काढणे

बहुतेक ठोकळे एकसंध. साच्याला टेकलेला भाग मऊ पांढरा, फिल्मखालचा भाग जाडसर. साच्यातून काढून दोन दिवस ओल्या हवेत, प्लास्टिकखाली जाळीवर ठेवले, म्हणजे उघडी पडलेली बाजूही कातडी धरते. बोटाने दाबल्यावर चामड्यासारखी लवचीक लागली की पुरे. पिवळट-तपकिरी डाग म्हणजे बिघाड नव्हे, गॅनोडर्माचा तो स्वभाव. हिरवे, काळे किंवा गुलाबी दिसले तर बाद.

११ नोव्हेंबर: वाळवणी

शेडमधले एलपीजी ब्रूडर (पिल्लांना ऊब देणाऱ्या शेगड्या) वापरण्याची सूचना आली होती. हिशेब केल्यावर बाजूला ठेवली. साठ ठोकळ्यांतून सुमारे ५० किलो पाणी काढायचे. नुसत्या बाष्पीभवनाला ३१ युनिट उष्णता, प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट धरावी. एवढ्यासाठी पाच-सहा किलो गॅस जळतो, आणि एक किलो एलपीजी जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. ब्रूडरचा धूर आतच सुटतो, म्हणजे एका हाताने पाणी काढून दुसऱ्या हाताने घालायचे. कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. म्हणून पॅनेलच्या बोगद्यात इलेक्ट्रिक हीटर आणि ब्लोअर, टोकाला ओलसर हवा बाहेर जायची झडप.

पहिले सहा तास ६० अंश, झडप पूर्ण उघडी. नंतर ८०, झडप एक तृतीयांश. हवा ६० वर असूनही ठोकळ्याच्या पोटात ३३ अंशच होते. पाणी उडत असेपर्यंत ओला भाग थंडच राहतो, आणि ३३ अंश म्हणजे तंतूंसाठी आणि बुरशीसाठी सुगीच. हवेचा आकडा पाहून ठोकळा निर्जीव झाला असे धरणाऱ्यांचे ठोकळे नंतर खोक्यात पुन्हा वाढू लागतात. प्रोब पोटात हवा. ते ७५ च्या वर गेल्यावर पुढे दोन तास, आणि वजन ४९० ग्रॅमच्या आसपास स्थिर होईपर्यंत.

सुरुवातीलाच ८० लावले तर बाहेरचे कवच कडक होते आणि आतले पाणी अडकते. वजन लवकर स्थिर झाल्यासारखे वाटते, ते फसवे. शंका असेल तर एक ठोकळा करवतीने कापून पाहावा. पिंजऱ्याखालच्या प्लास्टिकच्या जाळ्या ८० अंशांवर भाराने लोंबल्या, त्यामुळे सगळ्या चौकटी गॅल्व्हनाइज्डच.

लांबीत आकुंचन साडेतीन टक्के. पुढचे साचे तेवढे मोठे करायचे.

१६ नोव्हेंबर: चाचण्या

घनता घनमीटरला १३५ किलोच्या आसपास. थर्माकोलची १५ ते ३०. म्हणजे त्याच आकाराचा ठोकळा कितीतरी पट जड, आणि वाहतुकीच्या हिशेबात हे लपवून उपयोग नाही. हे पॅकिंग जड मालासाठी आणि जवळच्या गिऱ्हाइकासाठीच परवडते.

पंपासह भरलेले खोके ६ किलो. आयएसटीए १ए या पॅकिंग-चाचणीच्या पद्धतीने ७६० मिलिमीटरवरून दहा वेळा पाडले: एक कोपरा, त्याला लागून तीन कडा, सहा बाजू. पंप शाबूत. कोपऱ्यावरच्या पाडावात दोन ठोकळ्यांचा चुरा पडला. कापून पाहिले तर दोन्हींत कोपऱ्यात आडवी काडी आणि तिच्यामागे पोकळी. पुढच्या बॅचला काडही १५ मिलिमीटरच्या चाळणीतून.

कंपोस्ट होणारे असे खोक्यावर छापायची घाई नाही. ईएन १३४३२ या युरोपीय मानकाप्रमाणे सहा महिन्यांत ९० टक्के जैवविघटन आणि १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांपेक्षा कमी शेष दाखवावा लागतो. नुसता शेतमाल आणि बुरशी आहे म्हणून हे आपोआप सिद्ध होत नाही.

२२ नोव्हेंबर: साठवण

वाळलेला ठोकळा हवेतली ओल पुन्हा घेतो. ६५ टक्के आर्द्रतेखाली काही होत नाही, ८० च्या पुढे काही दिवस राहिला तर पृष्ठभागावर बाहेरची बुरशी बसते. शेडची फरशी धुतल्यावर रात्री आर्द्रता ८५ वर गेली होती, म्हणून साठा वाढीच्या भागापासून दूर, पॅलेटवर, खाली पॉलिथिन आणि खोक्यात बंद. भुंगेऱ्यांसाठी कडेने चिकट सापळे, आठवड्याला मोजणी. वाळलेल्या कुट्टीचा ढीग शेडच्या बाहेर, वेगळ्या पत्र्याखाली. छतात फोम आणि आत थ्री फेजचे हीटर असताना कोरडे काड त्याच छपराखाली ठेवू नये.

पुढची बॅच त्याच मिश्रणाची. बदल दोनच: काडाची चाळणी आणि मोठे साचे. दोन्ही फिल्टरांवरचा मिळून दाब-फरक आज २४० पास्कल आहे. ३५० ला पोचला की प्री-फिल्टर बदलायचा, तरी उतरला नाही तर हेपा.